ती विसरेल ते गाळायचं

प्रिय रेवा आणि ईशान,

गेल्या रविवारी आपण फोनवर बोलत होतो तेव्हा माझ्या पाठीमागचं दार उघडं होतं. त्यातून मागच्या बोळातला कट्टा तुम्हाला दिसत होता. रेवाने विचारलं, "आजी, त्या कट्ट्यावरच्या आजी बोटांनी काय करतायत? क्रोशा विणतायत का?" मी विषय बदलला, कारण त्या आजींचे यजमान त्यांच्या शेजारीच बसले होते आणि तुमचा आवाज फोनमधून चांगला मोठा येतो. लिहून पाठवते, असं मी म्हणाले होते. तुम्हाला मी नेहमी इंग्रजीत लिहिते. हेही इंग्रजीतच सुरू केलं होतं, पण पहिल्या पानावरच अडले. या माणसाचं बोलणं इंग्रजीत नेलं की बोलणं तिकडे जातं आणि माणूस इथेच राहतो. म्हणून मराठीत लिहिते आहे. पानांचे फोटो पाठवते, बाबा वाचून दाखवेल.

आधी प्रश्नाचं उत्तर. त्या आजींचं नाव राजमणी आणि ती विड्या वळत होती. मांडीवर सूप नाही, पान नाही, तंबाखू नाही, दोरा नाही. तरी तिची बोटं पान गुंडाळतात, अंगठ्याने विडीचं तोंड दुमडतात आणि नसलेला दोरा ओढून तोडतात. मग पुढची विडी. सकाळी उठल्यापासून झोप लागेपर्यंत हेच चालतं. तिला आता बहुतेक काही आठवत नाही. हातांना तेवढं आठवतं.

पण मला सांगायचं आहे ते तिच्या शेजारी बसलेल्या माणसाबद्दल. त्याचं नाव अंबादास. माझ्याहून लहान आहे, म्हणून मी अरेतुरे करते. तुम्ही अंबादासआजोबा म्हणा.

आपलं घर सोलापूरच्या पूर्व भागाच्या अगदी कडेला आहे, हे तुम्हाला माहीत आहे. आपल्या पुढच्या दाराला कॉलनी आहे आणि मागच्या दाराला बोळ. बोळात बहुतेक तेलुगू बोलणारी विणकरांची घरं. त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा मागावर काम करायला इकडे आले आणि इथलेच झाले. पुरुष कारखान्यात टॉवेल-चादरी विणायचे आणि बायका घरी बसून विड्या वळायच्या. अंबादास मात्र मागावर टिकला नाही. तो एका थिएटरात तिकिटं फाडायला लागला आणि तिथून सिनेमाच्या धंद्यात शिरला.

धंदा कसला, ते सांगते. दक्षिणेकडे एखादा विनोदी सिनेमा चालला, की आपल्याकडचा निर्माता त्याचे हक्क विकत घ्यायचा आणि तोच सिनेमा मराठीत काढायचा. त्याला रीमेक म्हणतात. ईशान विचारेल, ही कॉपी नाही का? मीही एकदा अंबादासला हेच विचारलं होतं. तो म्हणाला, "बाई, सून दुसऱ्याच्या घरातनंच येती की. हितं नांदली म्हंजे झालं."

ते नांदवायचं काम त्याचं होतं. मूळ सिनेमा तेलुगूत असला तर त्याला कळायचा, कन्नडही बरीच कळायची. तो सिनेमा पाहायचा आणि मग त्यातली माणसं, भांडणं, चेष्टा इकडच्या मातीत कशी बसतील ते दिग्दर्शकाला लिहून द्यायचा. पडद्यावर त्याचं नाव आलं तर शेवटी, आभारांमध्ये, युनिटला डबे पुरवणाऱ्या खानावळवाल्या बाईच्या खाली. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. "त्या बाईच्या भाकरीनं सगळे जगले. माज्या विनोदानं कोन जगलंय?"

त्याची एक मजेशीर सवय होती. इतक्या जणांना हसवणारा हा माणूस स्वतः हसत नसे. विनोद आवडला की उजव्या कानाची पाळी दोन बोटांत धरून हळूच ओढायचा. सदऱ्याच्या खिशात बडीशेप सुटीच भरलेली असायची आणि बोलता बोलता तो चिमूट चिमूट तोंडात टाकायचा. नमस्काराला वाकला की खिशातून बडीशेप सांडायची. आपल्या ओट्याखाली मला ती कितीदा सापडली आहे.

आता त्याची काम करायची पद्धत, कारण पुढचं सगळं त्या पद्धतीमुळे घडलं.

मूळ सिनेमा तो एकदाच पाहायचा आणि तोही राजमणीला शेजारी बसवून. दुसऱ्यांदा पाहत नसे. दुसऱ्या दिवशी राजमणी कट्ट्यावर विड्या वळायला बसली, की बोळातल्या बायकांना ती कालच्या सिनेमाची गोष्ट सांगायची. बायकांत तेलुगू घरच्या होत्या, मराठी होत्या, शेजारची हलिमाबी होती, म्हणून गोष्ट आपोआप मराठीतच चालायची. अंबादास तेव्हा घरात असायचा. दाराला एक निळा पडदा होता, गुडघ्याच्या खाली थोडा आखूड पडणारा. त्या पडद्यामागे पाटावर बसून तो ऐकायचा. समोर बसला असता तर ती लाजली असती, आणि बायका मोकळ्या हसल्या नसत्या. पडद्याखालून त्याचे पाय दिसायचे, ते कोणी मनावर घेत नसे.

त्याचा नियम एकच. राजमणी जे सांगायला विसरेल ते गाळायचं. ती जे पदरचं घालेल ते ठेवायचं.

"ती विसरली म्हंजे ते हितलं न्हवतंच, बाई," तो म्हणायचा. "सोलापुरात ऱ्हानाऱ्या मानसाच्या ध्यानात ऱ्हात न्हाई, ते पडद्यावर कशाला दावायचं?"

आणि विनोद चांगला की वाईट, हे तो हसण्यावरून ठरवत नसे. हसू काय, शेजारणीला बरं वाटावं म्हणूनही येतं. तो पडद्याच्या फटीतून हात पाहायचा. विडीवाल्या बायकांना जितक्या विड्या तितकी मजुरी, त्यामुळे त्यांचे हात कशानेही थांबत नाहीत. बोलताना, भांडताना, रडताना सुद्धा नाहीत. "हसनं फुकट हाय. हात थांबला पायजे," हे त्याचं वाक्य सगळ्या बोळाला पाठ होतं. राजमणी त्यावरून त्याला चिडवायची. मी भाजी घ्यायला थांबले की म्हणायची, "बाई, आमच्या घरातल्याला तोंडाकडं बघायचं म्हाईतच न्हाई. लग्नात बी हातच बघत होता. मला वाटलं, बांगड्या मोजतोय."

एका दुपारचं मला नीट आठवतं. मी मागच्या दारात गहू निवडत होते. राजमणी एका सिनेमाची गोष्ट सांगत होती. एक मुलगा प्रेमात पडून मुलीच्या घरात शिरतो आणि बाप आल्यावर धान्याच्या कोठीत लपतो. मूळ सिनेमात बाहेरून देवाची मिरवणूक जाते आणि त्या गडबडीत तो निसटतो, असं काहीतरी होतं. राजमणी ते साफ विसरली होती.

"मग त्यो कोठीतनं भायेर आला," ती म्हणाली.

"कैसा आला?" हलिमाबीने विचारलं. "बाप दारात बसलाय म्हनलीस ना गे."

"बाप उटून गेला."

"कशाला उटंल? पोरगीला सोडून?"

राजमणीची बोटं चालूच होती. ती क्षणभर आठवायचा प्रयत्न करत राहिली आणि मग म्हणाली, "नळ आले."

कट्ट्यावरचे सगळे हात थांबले. तुम्हाला यातलं काही कळणार नाही, कारण तुमच्याकडे तोटी फिरवली की पाणी येतं. इथे नळाला पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी येतं आणि आलं की बोळातलं कोणीही, कुठल्याही अवस्थेत, घागर घेऊन धावतं.

"बाप बी गेला, आई बी गेली, पोरगी बी गेली," राजमणी आता रंगात आली. "आनि कोठीतला त्यो बी घागर घिऊन पळाला. बापाच्या मागंच रांगेत हुबा. चार दिसानं पानी आलंय, लगीन काय उद्या बी करता येतंय."

हलिमाबीच्या मांडीवरचं सूप कलंडलं आणि तंबाखू कट्ट्यावर सांडली. पडद्याखाली दोन पाय ताठ झालेले मी पाहिले. तो सिनेमा आला तेव्हा त्या प्रसंगाला थिएटरात शिट्ट्या पडत होत्या. अंबादास शेवटच्या रांगेत बसून लोकांच्या हातांतल्या शेंगदाण्याच्या पुड्या पाहत होता. घरी येऊन त्याने राजमणीला एवढंच सांगितलं, "समदे थांबले."

ती म्हणाली, "मग मला एक नवी घागर आना."

अशी वर्षं गेली. मुलगा मोठा होऊन भिवंडीला गेला आणि तिकडेच राहिला. त्यांच्या घरी दिग्दर्शक येत, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खात, डोळ्यांतून पाणी काढत आणि जात. एकाने त्याला सांगितलं होतं, जरा गावठी करा, वाकडं बोलणारा नोकर घाला, लोक हसतात. अंबादास म्हणाला, "सायेब, आमी असंच बोलतो. आमाला त्याचं हसू येत न्हाई." ते काम त्याच्या हातून गेलं.

मग हळूहळू सगळीच कामं गेली. लोक दक्षिणेचे सिनेमे मोबाइलवर हिंदीत आवाज घातलेले पाहू लागले. आमच्या भाजीवाल्याला ते संवादांसकट पाठ असत. "मूळच बगतेत, बाई," अंबादास म्हणायचा. "समद्यांनी बगून झाल्यावर आपलं कोन बगनार?" त्याची बडीशेप खाण्याची गती वाढली. दिवस दिवस तो फोन समोर ठेवून बसायचा. कट्ट्यावरच्या बायकाही कमी झाल्या होत्या. कोणी गेल्या, कोणी मुलांकडे राहायला गेल्या. राजमणी आणि हलिमाबी, दोघीच उरल्या.

अशात पुण्याहून निखिल नावाचा एक तरुण दिग्दर्शक आला. त्याने लहानपणी तो घागरीचा सिनेमा पाहिला होता आणि त्याच्या नव्या रीमेकसाठी त्याला अंबादासच हवा होता. गोष्ट अशी, की परदेशातून आलेल्या मामाला श्रीमंती दाखवण्यासाठी दोन भाऊ शेजाऱ्याचं घर आपलं म्हणून दाखवतात, आणि मध्यंतरानंतर गावाहून त्यांची आई येते व सगळं उघडं पडायला लागतं. अंबादास त्या दिवशी माझ्याकडे आला आणि बसलाच नाही. उभ्या उभ्या म्हणाला, "बाई, ह्यो शेवटचा. हे चाललं तर पुन्यांदा बोलावतील. न्हाई चाललं तर मी मेलो म्हनून समजा." त्याने कानाची पाळी इतकी ओढली होती की ती लाल झाली होती.

नवरा-बायकोने सिनेमा पाहिला. दुसऱ्या दिवशी राजमणीने गोष्ट सांगितली. ती नेहमीपेक्षा लहान झाली. अंबादासने आयुष्यात प्रथमच एकदाच पाहायची पद्धत मोडून तिला सिनेमा पुन्हा दाखवला, कारण या कामात त्याला चूक होऊ द्यायची नव्हती. तिने पुन्हा सांगितली तेव्हा गोष्ट आणखी लहान झाली. गोष्टीतून आई गेली. मग एक भाऊ गेला. शेवटी मामा येतो, घर बघतो, आणि "मग समदे जेवले."

अंबादास हरखून गेला होता. मला म्हणाला, "बाई, ती आता नुसता गाभा ठेवती. एवडी वर्सं झाली, तिचा हात असा कधी बसला न्हवता. 'समदे जेवले.' ह्याच्यावर शेवट कोन करंल?"

त्याच सुमारास राजमणीच्या विड्या कारखान्यातून छाट म्हणून, म्हणजे नापास होऊन, परत यायला लागल्या होत्या. एखादीचा दोरा सैल, एखादीचं तोंड उघडं. तो म्हणाला, डोळे अधू झालेत. एकदा तिने मला एकाच सकाळी तीनदा विचारलं, की बाई, मुलगा कुठे असतो तुमचा? तो म्हणाला, वय झालं. दुसऱ्या कोणाच्याही नवऱ्याला शंका आली असती. पण या माणसाने बायकोच्या विसरण्यावर उभं आयुष्य काढलं होतं. ती विसरली की त्याला आनंदच व्हायचा.

त्याने लिहून पाठवलं. आठवड्याभरात निखिल गाडी घेऊन दारात. मी त्या दिवशी साखर मागायला आलेल्या हलिमाबीबरोबर मागच्या दारातच उभी होते.

"काका, पहिला भाग फार सुंदर आहे," निखिल म्हणाला. "पण इंटरव्हलनंतर गोष्टच नाही. आई कुठे गेली?"

"गाळली."

"अहो, सगळा सिनेमा तिच्यावर आहे. धाकटा भाऊ कुठे गेला?"

"त्यो बी गाळला. तिनं गाळला," अंबादास राजमणीकडे बोट करून अभिमानाने म्हणाला. "घागरीचा शीन बी तिनंच केलता. इचारा तिला."

निखिल चांगला मुलगा. तो कट्ट्यापाशी उकिडवा बसला. "मावशी, त्या दोन भावांच्या आईचं पुढे काय झालं? तुम्ही का काढलीत तिला?"

राजमणीने त्याच्याकडे पाहिलं. "कुटली आई?"

"सिनेमातली."

"सिनेमा कुटला?" ती म्हणाली. "आमी कुटं सिनेमा बगतो, बाबा. आमाला येळ कुटं हाय?"

"अगं, परवाच बगितला की आपन," अंबादास म्हणाला. "दोनदा बगितला. मामा येतोय बग इमानानं."

"मामा आला?" ती उठायला लागली. "मग च्या ठेवते."

अंबादासचा हात कानाकडे गेला आणि मध्येच राहिला. निखिल उठून उभा राहिला. हलिमाबी साखरेची वाटी तशीच घेऊन आपल्या घरात गेली आणि तिने दार लावून घेतलं. त्या दुपारनंतर डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, मुलगा भिवंडीहून दोन दिवस येऊन गेला. डॉक्टरांनी जे सांगितलं ते अंबादासला राजमणीने निखिलला दिलेल्या उत्तरांतच कळलं होतं.

सिनेमा दुसऱ्या एका लेखकाने पुरा केला. गोष्ट पुण्याच्या फ्लॅटमध्ये गेली. सोलापूरला तो एकाच थिएटरात, सकाळच्या खेळाला लागला. अंबादास राजमणीला घेऊन गेला, सोबतीला मलाही नेलं. त्याच्या मनात काय होतं ते त्याने जाताना रिक्षात सांगितलं. "पैला भाग आपलाच हाय. तिनं सांगितलेला हाय. ऐकला की आटवंल. निदान एकदा हात थांबंल."

थिएटरात आम्हाला धरून दहा-बारा माणसं असतील. पडद्यावर राजमणीची वाक्यं येत होती, मी ती कट्ट्यावर ऐकली होती. अंबादासने पडद्याकडे पाहिलंच नाही. तो तिच्या मांडीवरच्या हातांकडे पाहत होता. अंधारातही ती बोटं पान गुंडाळताना दिसत होती. मध्यंतरात दिवे लागले तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं. सगळे मोबाइलवर अंगठे फिरवत होते. "बगा बाई," तो म्हणाला, "कुनाचाच थांबंना."

त्यानंतर त्याने जे केलं ते मी रोज मागच्या दारातून पाहिलं, आणि ते लिहिताना मला अजून त्रास होतो.

त्याने तिला त्यांचे सगळे जुने सिनेमे सांगायला घेतले. आता त्याने आपला नियम उलटा केला. पूर्वी जे जे गाळलं होतं ते सगळं परत घातलं. मिरवणुका, भाऊ, माम्या, परगावची लग्नं. "काय सांगावं, कुटंतरी अडकंल तिचं," तो म्हणायचा. घसा बसेपर्यंत बोलायचा. डोक्यावर पदर घेऊन बायकांच्या भूमिका करायचा, लंगडायचा, कोठीत लपल्यासारखा पिंपाआड दडायचा. सत्तरीचा माणूस. बोळातून जाणारे लोक थांबून हसायचे. राजमणी एखादा परका माणूस काही विकायला आला असावा तशी त्याच्याकडे शिष्टाचाराने पाहायची आणि हात चालूच ठेवायची.

एके दिवशी त्याचा धीर सुटला. त्याने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत गच्च धरले. "थांब. एकडाव थांब ग. माज्याकडं बग." ती किंचाळली. हलिमाबी धावत आली आणि तिने त्याच्या मनगटावर चापट मारली.

"छोड उसके हात. येवढंच राहिलंय तिच्यापाशी. ते बी काढून घेनार का?"

त्याने हात सोडले. राजमणीची बोटं लगेच पुन्हा चालू झाली, आधीपेक्षा घाईने, मधल्या वेळेत राहिलेलं काम भरून काढल्यासारखी.

मग त्याला घागरीचं सुचलं. मी त्या वेळी दारात नव्हते, आवाज ऐकून बाहेर आले. तो बोळाच्या टोकाला उभा राहून ओरडत होता, "नळ आले! नळ आले!" आणि राजमणी उठली होती. कित्येक महिन्यांत स्वतःहून न उठलेली बाई उठली, आतून घागर घेतली आणि नळाकडे निघाली. तिचे हात थांबले होते, घागर धरायला थांबावेच लागले. अंबादासचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, आटवलं तिला."

राजमणीने नळाखाली घागर लावली. नळ कोरडा होता. ती उभी राहिली. तो म्हणाला, "चल, झालं, चेष्टा केली." ती हलली नाही. पाणी येणार म्हणजे येणार, जागा सोडली तर दुसरी कोणी लावेल. ऊन चढलं. तिच्या पायांना रग लागली, ती रडायला लागली, पण घागर सोडेना. शेवटी हलिमाबीने घरातून एक कळशी पाणी आणून तिच्या घागरीत ओतलं, तेव्हा ती घरी आली. अंबादासने पुन्हा तसं केलं नाही. त्या दिवसापासून तो कट्ट्यावर तिच्याशेजारी नुसता बसून असायचा. तुम्ही रविवारी पाहिलंत ते तसंच.

आता या बुधवारचं.

संध्याकाळी मी राजमणीसाठी वाटीत शिरा घेऊन गेले. अंबादास आत भात लावत होता, पडदा ओढलेला होता. मी कट्ट्यावर बसले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओळखीच्या बाईशी बोलावं तशी म्हणाली, "बाई, मी सिनेमा बगितला."

"हो? कुठला?"

"चांगला हाय. लई हसवलाय."

आतलं भांड्यांचं वाजणं बंद झालं. पडद्याखाली दोन पाय येऊन थांबले.

"एक पोरगी असती होटगीची," ती सांगू लागली. राजमणी होटगीचीच आहे, ते तिचं माहेर. "तिला हितं आनत्यात. तिला इड्या वळाय येत न्हाईत. समद्या बायका हसत्यात तिला. मग ती शिकती. मग ती गोष्टी सांगाय लागती, कट्ट्यावर. रोज एक. आनि बायका अश्या हसत्यात, अश्या हसत्यात, एकीचं तर सूपच पालथं झालं." ती स्वतःच हसली. मागच्या वर्षाभरात मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. "मग पोरगं हुतंय. मग पावनी येत्यात भाकरी खायाला. मग म्हातारी हुती ती."

"आणि तिचा नवरा?" मी विचारलं.

"कुनाचा?"

"त्या होटगीच्या मुलीचा."

तिने बराच विचार केला. खरोखर मनापासून आठवून पाहिलं.

"नवरा न्हवता त्यात," ती म्हणाली. "पोरगी होती. कट्टा होता. बायका होत्या. बास."

पडदा बाजूला झाला. अंबादास दारात आला. हाताला तांदळाचं पाणी होतं. मला काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी म्हणाले, "अंबादास, हा आजार आहे. ती नाही बोलत हे."

"तीच बोलती, बाई," तो हळू आवाजात म्हणाला. "अशीच सांगायची ती. बरोबर अशीच." मग त्याने विचारलं, "सांगताना हात चालू होते का? मला आतनं दिसलं न्हाई."

मी राजमणीच्या मांडीकडे पाहिलं. ती गोष्ट सांगायला लागल्यापासून तिचे दोन्ही तळवे मांडीवर उताणे पडून होते. बोलण्याच्या नादात माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.

"थांबले होते," मी म्हणाले.

तेवढ्यात राजमणीने मान वर करून त्याला दारात पाहिलं. अनोळखी पुरुष पाहून ती सावरून बसली, पदर ओढला, आणि तिची बोटं पुन्हा चालू झाली. अंबादासने ते पाहिलं. त्याने उजव्या कानाची पाळी दोन बोटांत धरली आणि हळूच ओढली. मग तो आत गेला आणि पडदा ओढून घेतला. आत पाट सरकवल्याचा आवाज आला.

गुरुवारपासून राजमणी कट्ट्यावर एकटीच असते. मी आणि हलिमाबी आळीपाळीने जाऊन बसतो. कधी ती तीच गोष्ट सांगते, कधी सांगत नाही. जेवण तिला हलिमाबी भरवते. ताट आतून पडद्याच्या कडेने बाहेर येतं.

येत्या रविवारी तुम्ही फोन कराल तेव्हा मी मागचं दार उघडं ठेवीन. त्या आजी तुम्हाला एकट्या दिसतील. त्यांच्या मागे निळा पडदा आहे, तो खाली जमिनीपर्यंत पोचत नाही. तिथे नीट बघा. दोन पाय दिसतील.

तुमची,
आजी